कात टाकायला आलेला भुकेला बॉल पायथन: पेटीत हात कसा घालावा?

रेवा_फोंडा

नमस्कार. माझा मोठा भाऊ जहाजावर नोकरीला आहे. चवथ झाली, तो परत गेला आणि त्याचा बॉल पायथन सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. नोंदणीचे कागद, हीटिंग मॅट, थर्मोस्टॅट, फ्रीझरमध्ये वेगळ्या डब्यात उंदीर, सगळं तो नीट लावून गेलाय. साप पूर्ण वाढलेला नर आहे, लांबी साधारण सव्वा मीटर. दादा घरी असताना मी त्याला कितीदा हातात घेतलाय, कधी साधा फुत्कारही ऐकला नाही.

गेल्या आठवड्यात त्याचं पोट गुलाबी दिसायला लागलं. मग अंगाचा रंग मळका झाला आणि आता डोळे निळसर, दुधाळ झालेत. कात टाकायची वेळ आलीय एवढं मला कळतं. पण त्याच्या खाण्याचा दिवसही नेमका याच दिवसांत आला. दादाने बजावून ठेवलं होतं की डोळे असे असताना खायला देऊ नको, म्हणून मी दिलं नाही. तेव्हापासून तिन्हीसांज झाली की तो हाइडमधून (पेटीतली लपायची जागा) अर्धा बाहेर येऊन बसतो. जीभ सारखी आत-बाहेर, मान आखडून घेतलेली. काल पाण्याचं भांडं बदलायला हात घातला तर त्याने झेप घेतली. मला लागलं नाही, तोंड भांड्यावर आपटलं.

भुकेमुळे चिडलाय का? खायला द्यावं की थांबावं? आणि थांबायचं तर पाणी बदलणं, विष्ठा काढणं ही कामं करायची कशी? घरात आई आहे, पुतणी चार वर्षांची आहे. दादा समुद्रावर असल्यामुळे त्याचा फोन लागेलच असं नसतं. कृपया जाणकारांनी सांगावं.

म्हापसेकर

रेवाताई, आधी पेटीतलं तापमान आणि आर्द्रता सांगा. आणि खोलीत एसी चालतो का तेही.

रेवा_फोंडा

गरम बाजू ३२ अंश, थंड बाजू २७. आर्द्रता ७५ ते ८०, मी काहीही न करता. पाऊस अजून चालूच आहे. एसी त्या खोलीत नाही.

डिचोलीचा_सर्पमित्र

रेवाताई, सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न ज्यांच्या ज्यांच्याकडे साप आहे त्यांना कधी ना कधी पडतोच.

तो चिडलेला नाही. त्याला नीट दिसत नाहीये आणि त्याला भूक लागलीय, या दोन गोष्टी एकाच वेळी आल्यात. जुन्या कातडीखाली नवी कातडी तयार झाली की दोहोंच्या मध्ये एक पातळ द्रव साठतो. त्यानेच जुना थर सुटा होतो. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवलं असतं आणि तेही कातीबरोबर बदलतं. त्या खवल्याखालीही हाच द्रव येतो, म्हणून डोळे दुधाळ दिसतात. काही दिवसांनी द्रव शोषला जातो, डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर बहुधा दोन-चार दिवसांत कात उतरते. पोट गुलाबी होण्यापासून कात पडेपर्यंत एक ते दोन आठवडे धरून चाला.

आता बॉल पायथनकडे डोळ्यांखेरीज काय असतं ते बघा. जिभेने तो हवेतला वास टाळूतल्या इंद्रियापर्यंत नेतो. आणि वरच्या ओठावर ज्या खाचा दिसतात त्यांनी त्याला उष्णता कळते. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ भागातला हा प्राणी, दिवस उंदरांच्या बिळांत नाहीतर वाळवीच्या वारुळांत काढतो. तिथल्या काळोखात शिकार शोधायची तर गरम काय आणि हलतंय काय एवढं कळलं की त्याला पुरतं. तुमचा हात पेटीत गेला की त्याच्या दृष्टीने एक गरम, हलणारी वस्तू आत आली. एरवी तो डोळ्यांनी खात्री करतो. आत्ता ते जमत नाही, वर पोट रिकामं. त्यामुळे तो विचार न करता झेपावतो. काल जे झालं ते अन्नासाठी झालं.

भीतीने घेतलेली झेपही असते आणि ती वेगळी दिसते. घाबरलेला बॉल पायथन आधी अंगाचा गोळा करून डोकं आत लपवतो, फुत्कारतो, आणि चावला तरी टोचून लगेच सोडतो. भुकेची झेप आली तर तो धरून ठेवतो आणि अंगाने वेटोळंही घालतो. तुमच्या वर्णनातली आखडलेली मान, सारखी चालणारी जीभ, संध्याकाळी बाहेर येऊन बसणं, हे सगळं दबा धरणं आहे.

खायला द्यायचं की नाही यावर माझं मत स्पष्ट आहे: थांबा. पूर्ण वाढलेल्या, अंगाने भरलेल्या बॉल पायथनला दोन-तीन आठवड्यांनी एकदा खाणं असतं. ही मंडळी निरोगी असतानाही आपणहून महिनोन्महिने उपाशी राहतात. तुमच्या दादाचा साप आठ-दहा दिवस उशिरा जेवला तर त्याचं काही बिघडणार नाही. उलट या दिवसांत कातडी नाजूक असते, नेम चुकतो, तोंड चिमट्यावर किंवा काचेवर आपटतं. भूक दिसते म्हणून आपला जीव तुटतो, मला कळतं. पण त्याची भूक आपल्या भुकेच्या मापाने मोजू नये.

आता कामांचं. उचलून घेणं पूर्ण बंद, कात पडेपर्यंत. पाणी सकाळी उजेडात बदला, तो हाइडच्या आत गुंडाळून बसलेला असताना. संध्याकाळनंतर पेटी उघडूच नका. हात घालण्याआधी साबणाने कोपरापर्यंत धुवा, उग्र वासाचा साबण नको. विशेषतः उंदरांच्या डब्याला हात लावला असेल, घरात मांजर-कुत्रा कुरवाळला असेल, कोंबडी साफ केली असेल, तर आधी धुणं. मग जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा हाइडच्या तोंडाशी उभा धरा आणि दुसऱ्या हाताने भांडं काढा. भांडं लांब चिमट्याने ओढता आलं तर आणखी चांगलं. साप अंगाच्या अर्ध्या लांबीपर्यंत झेप घेऊ शकतो असं धरून अंतर ठेवा. हाताची हालचाल संथ आणि बाजूने असू द्या, डोक्यावरून वरून खाली हात आणू नका. त्याच्या स्वभावात वरून येणारा तो शत्रू.

झाकण उघडल्यावर तो बाहेरच असला आणि मान आखडलेली दिसली तर झाकण लावा आणि तासाभराने या. पाणी तासभर उशिरा बदललं म्हणून काही अडत नाही.

म्हापसेकर

फार छान लिहिलंत. एक विचारतो. आमच्यात काहीजण सापाला खायला घालताना वेगळ्या टबात नेतात. म्हणजे पेटी उघडली की खाणं आलं असं त्याच्या डोक्यात बसत नाही आणि पेटीतला हात सुरक्षित राहतो. रेवाताईंनी ती सवय लावली तर?

डिचोलीचा_सर्पमित्र

ही पद्धत बरेच जण सांगतात, मला पटत नाही. त्यात भुकेल्या सापाला उचलून टबात न्यायचं आणि पोट भरल्यावर, झेपेच्या तंद्रीत असतानाच, पुन्हा उचलून परत आणायचं. म्हणजे चावा होण्याच्या दोन वेळा आपणच तयार केल्या. शिवाय नुकतंच गिळलेल्या सापाला हलवलं तर तो खाल्लेलं उलटून टाकू शकतो, आणि असं उलटणं सापाच्या अंगावर फार येतं. पेटीतच द्यावं आणि नंतर ४८ तास त्याला हात लावू नये.

पेटीतला हात सुरक्षित करायला दुसरा उपाय आहे. खाण्याव्यतिरिक्त जेव्हा जेव्हा पेटी उघडायची तेव्हा साप हाताळायच्या हुकाने, नाहीतर टिश्यूच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीने, अंगाच्या मध्यावर हलकेच स्पर्श करायचा. डोक्याला नाही. हळूहळू त्याला कळतं की स्पर्श झाला म्हणजे खाणं नाही, आणि मान सैल सोडतो. खाण्याच्या दिवशी तो स्पर्श करायचा नाही. पण ही सवय डोळे स्वच्छ असताना लावायची. आत्ता कातडी हुळहुळी आहे, आत्ता नको.

कुडचडेचा_दिनेश

मी कॉर्न स्नेक पाळतो. माझा साप डोळे दुधाळ असतानाही आनंदाने खातो, आजवर काही त्रास नाही. त्यामुळे 'देऊच नका' हे थोडं कडक वाटलं.

डिचोलीचा_सर्पमित्र

दिनेशभाऊ, खरं आहे, काही साप खातात आणि त्यांना पचतंही. देणं हे पाप नाही. पण कॉर्न स्नेकच्या ओठावर उष्णतेच्या खाचा नसतात, त्याचा जबडाही लहान. इथे सव्वा मीटरचा पायथन आहे आणि सांभाळणारी ताई नवीन. तिने चिमटा पहिल्यांदा हातात धरायचा तो अर्धवट आंधळ्या सापासमोर, हे मला नको वाटतं.

एखाद्याला द्यायचंच असेल, म्हणजे वाढतं पिल्लू आहे किंवा आधीच वजन घटलंय, तर हातात चिमटा धरून नाचवू नये. संध्याकाळी हाइडपासून वीतभर अंतरावर सपाट ताटलीत गरम केलेला उंदीर ठेवावा, झाकण लावावं आणि खोलीतून बाहेर जावं. वासावर तो येतो. दोन-तीन तासांत नाही उचलला तर काढून टाकावा, परत फ्रीझरमध्ये घालू नये. आपल्या हवेत मेलेला उंदीर रात्रभर ठेवला तर सकाळी पेटीत मुंग्यांची रांग लागलेली असते, आणि कात टाकणाऱ्या सापाजवळ मुंग्या अजिबात नकोत. मेजाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची जुनी युक्ती इथेही उपयोगी पडते.

आणि जिवंत उंदीर तर कधीच नको. न खाणाऱ्या सापाजवळ जिवंत उंदीर सोडला तर उंदीर सापाला कुरतडतो. पाठीवर हाडापर्यंत गेलेल्या जखमा असलेले साप लोक घेऊन येतात, ते बघवत नाही.

पशुवैद्य_सासष्टी

धागा वाचला. वर दिलेली माहिती योग्य आहे. वैद्यकीय बाजूचं थोडं मी घालतो.

पहिलं, चावा. बॉल पायथन बिनविषारी आहे, त्याच्या चाव्याला प्रतिविष लागत नाही. पण दात बारीक, बरेच आणि आतल्या बाजूला वळलेले असतात. त्याने धरून ठेवलं तर हात ओढू नका. ओढल्याने तुमची कातडी फाटते, त्याचे दात तुटतात, आणि पुढे त्याच्या हिरड्यांत संसर्ग होतो. अंगाला आधार द्या, शांत उभ्या राहा. बहुतेक वेळा चूक लक्षात आली की तो स्वतःच सोडतो. नाही सोडलं तर नळाखाली जाऊन तोंडावर गार पाण्याची धार धरा. हाताला वेटोळं असेल तर शेपटीच्या टोकाकडून उलगडायला लागा, डोक्याकडून नाही. सुटल्यावर साबण आणि वाहतं पाणी, जखमेत दात राहिलाय का ते बघणं, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन जुनं झालं असेल तर ते घेणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज वाढली, पू झाला तर डॉक्टरांकडे जा. हळद, चुना असलं काही जखमेत भरू नका.

दुसरं, लहान मूल. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात, साप दिसायला ठणठणीत असला तरी. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं यांना त्याचा त्रास जास्त होतो. पुतणीला पेटीला हात लावू देऊ नका. सापाचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, बाहेरच्या नळावर धुवा. उंदीर वितळवायचं पातेलंही वेगळं ठेवा. आणि पडलेली कात मुलांना खेळायला देऊ नये, हे आवर्जून सांगतो, कारण हौसेने दिली जाते.

तिसरं, कात अडकणं. तुमच्याकडे आत्ता हवा ओली आहे, त्यामुळे कात एकसंध उतरायला हवी. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा तक्रारी एसीच्या खोलीतल्या असतात, नाहीतर डिसेंबर-जानेवारीतल्या. एसीने हवा कोरडी होते, कात तुकड्या-तुकड्यांत निघते, डोळ्यावरच्या खवल्याची जुनी टोपी तशीच राहते आणि शेपटीच्या टोकाला जुन्या कातडीचं कडं बसतं. ते कडं सुकून आवळत गेलं की रक्त थांबतं आणि टोक काळं पडून गळतं.

डोळ्यावरची टोपी चिमट्याने, नखाने किंवा चिकटपट्टीने काढायचा प्रयत्न कोणीही करू नये. तिच्याखाली लगेच जिवंत डोळा आहे. लोक व्हिडिओ बघून ओढतात आणि डोळा कायमचा जातो. ओलावा वाढवून पुढच्या कातीची वाट पाहिली तर बहुतेकदा ती आपणहून सुटते. दोन काती होऊनही राहिली तर सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या.

म्हापसेकर

डॉक्टर, माझा प्रश्न तुम्ही न विचारता ओळखलात. माझ्या सापाची पेटी एसीच्या खोलीत आहे. पेटीत रोज फवारा मारत बसलो तर चालतं का?

पशुवैद्य_सासष्टी

सगळी पेटी भिजवण्यापेक्षा एक ओली गुहा करा. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, बाजूला साप सहज शिरेल एवढं भोक, कडा घासून गुळगुळीत. आत ओलं करून घट्ट पिळलेलं शेवाळ किंवा नारळाच्या काथ्याचा चुरा. डबा गरम आणि थंड बाजूच्या मध्ये ठेवा. साप गरजेप्रमाणे आत जाईल, बाहेर येईल. एरवी बॉल पायथनला ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता पुरते, कातीच्या दिवसांत ७० पर्यंत न्यावी.

कात अर्धवट राहिलीच तर कोमट पाणी, २८ ते ३० अंश, सापाच्या अंगाच्या निम्म्या जाडीपर्यंतच, १५-२० मिनिटं, आणि तुम्ही तिथून हलायचं नाही. मग ओल्या पंचाच्या सैल गुंडाळीतून त्याला स्वतःच सरपटत जाऊ द्या. पंचाला अंग घासलं जाऊन उरलेले तुकडे निघतात. आपण सोलायचं नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात उलटी गडबड होते. हवा ८०-९० टक्के ओली, पेटीला हवा खेळायला जागा नाही आणि खाली अंथरलेला कागद सतत दमट. मग पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग, फोड दिसू लागतात. रेवाताई, तुमचा आकडा ८० पर्यंत जातोय, त्यामुळे तुम्ही काहीही ओलं ठेवू नका. खालचा कागद रोज कोरडा आहे ना ते बघा, जाळीवर कापड टाकलं असेल तर काढा.

सत्तरीचो_भुरगो

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटीत एक साप आहे. डोळे असेच दुधाळ, हलत नाही. आजी म्हणते उपाशी असणार, दूध ठेव. चुलतभाऊ म्हणतो अजगराचं पिल्लू आहे, धरून काही दिवस घरी ठेवूया, कात टाकली की सोडू. अंगावर गोल गोल पट्टे आहेत, मधले गडद. खायला काय द्यावं?

डिचोलीचा_सर्पमित्र

कृपया हात लावू नका, आणि चुलतभावालाही आत्ताच थांबवा. अंगावर साखळीसारखे गोल ठसे म्हटल्यावर ती घोणस असू शकते. आपल्या भागात घोणशीचं पिल्लू अजगर समजून उचलणं हा प्रकार वारंवार होतो, आणि घोणशीच्या चाव्याने मूत्रपिंडं निकामी होतात, रक्त गोठेनासं होतं. कात टाकायला आलेली घोणस दिसत नाही म्हणून जागची हलत नाही, माणसाला वाटतं साप मवाळ आहे. ती मवाळ नसते.

दूध ठेवू नका. साप दूध पचवू शकत नाही. नागपंचमीच्या वेळी तहानेने व्याकूळ केलेले साप जे पितात ते नाइलाजाने, आणि त्यातून ते आजारी पडतात. आजीच्या मनातली माया खरी आहे. तिला सांगा की गडग्याजवळ आठवडाभर कोणी गेलं नाही तर त्या सापाला तेवढंच हवंय. मुलांना तिकडे सोडू नका, रात्री जाताना बॅटरी आणि बूट. कामाच्या वाटेवरच असेल तर वनखात्याला कळवा, त्यांची माणसं येऊन नेतात.

कायद्याचंही सांगतो. अजगर असो, धामण असो, नाग असो, आपले रानातले साप १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांना घरात ठेवणं हा गुन्हा आहे, चार दिवसांसाठी ठेवलं तरी. रेवाताईंच्या भावाचा साप परदेशी जातीचा आहे आणि त्याची नोंद केलेली आहे, म्हणून तो ठेवता येतो. बॉल पायथन साइटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्यांना केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करणं बंधनकारक झालं, त्याचे नियम २०२४मध्ये आले. ज्यांनी अजून केली नाही त्यांनी हा धागा वाचून तरी वनखात्याकडे जावं.

सत्तरीचो_भुरगो

फोटो लांबून काढून सर्पमित्राला दाखवला. घोणसच निघाली. वनखात्याचे लोक येऊन गेले. आजीने त्या बाजूची वाट बंद केलीय. आभारी आहे.

पशुवैद्य_सासष्टी

बरं झालं लांबूनच काढलात. इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: रानातला साप चावला तर मांत्रिक नको, आवळपट्टी नको, जखम कापणं नको. हात किंवा पाय न हलवता १०८ला फोन करा. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा म्हापसा-मडगावचं जिल्हा इस्पितळ. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालतं. सापाला मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका, डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात.

फातोर्ड्याची_आई

मी साप पाळत नाही पण वाचत होते. रेवा, तुझ्या आईला काय सांगितलंस? माझ्या घरी असता तर माझी झोप उडाली असती. पेटीला कुलूप आहे का?

रेवा_फोंडा

आहे मावशी, सरकत्या काचेला दादाने कुलूप लावलंय आणि किल्ली माझ्याकडे असते. आईला मी वरचं सगळं वाचून दाखवलं. तिला वाटत होतं की साप आमच्यावर रागावलाय, दादा गेला म्हणून. त्याला धड दिसत नाहीये हे कळल्यावर तिची भीती बरीच कमी झाली. आता तीच म्हणते, दुपारी मिक्सर लावू नको, त्याला त्रास होईल.

पुठ्ठा उभा धरून पाणी बदललं. झेप नाही. खालचा कागद खरंच दमट होता, बदलला, आणि जाळीवरचं कापड काढून टाकलं. डोळे अजून तसेच आहेत. खरखरीत काही ठेवायला हवं का, अंग घासायला?

डिचोलीचा_सर्पमित्र

हो, ठेवा. कात नाकापासून सुटते, त्यासाठी त्याला तोंड घासायला काहीतरी लागतं. चिऱ्याचा लहान तुकडा धुऊन, उकळून, कडा घासून बोथट करून चालेल. नाहीतर सालीसकट लाकडाचा ओंडका. पण तो आता पेटीत ठेवायला जाताना तीच काळजी, सकाळी, पुठ्ठा धरून.

आणि एक. डोळे स्वच्छ झाले की लोकांना वाटतं झालं, आणि त्याच दिवशी उचलतात. कात अजून अंगावरच असते. ती पडलेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय हातात घेऊ नका.

रेवा_फोंडा

डोळे स्वच्छ झाले होते, आणि आज सकाळी कात पडलेली दिसली! एकसंध, उलटी निघालेली, सापापेक्षा लांब. दोन्ही डोळ्यांच्या टोप्या कातीवर आहेत, लहान भिंगांसारख्या. शेपटीचं टोकही आहे. त्याचा रंग बघून आई पहिल्यांदाच पेटीजवळ येऊन उभी राहिली.

आता आजच खायला देऊ का? चिमटा ३० सेंटिमीटरचा आहे.

डिचोलीचा_सर्पमित्र

अभिनंदन, आणि टोप्या तपासल्यात हे फार चांगलं केलंत. कात काढून टाका, अंगावर कुठे तुकडा राहिलाय का ते लांबूनच बघा, आणि उद्या संध्याकाळी द्या. आज नाही.

उंदीर आज रात्री फ्रीझरमधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बंद डब्यात. उद्या पिशवीत बांधून गरम पाण्यात, पोटाकडे दाबून बघा, आत कडक लागता कामा नये. शेवटी ४० अंशांच्या आसपास गरम असावा, डोकं थोडं जास्त गरम. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो आणि फुटतो. उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा जास्त नको. बाहेरून पुसून कोरडा करा. उंदीर त्या खोलीत गरम करू नका. वास भरला की पेटी उघडण्याआधीच तो तयारीत असतो.

चिमट्यात मागच्या पायांच्या वर धरा, म्हणजे डोकं त्याच्याकडे राहील आणि तुमचा हात सर्वांत लांब. समोरून थोडं बाजूला, जमिनीलगत. झेपेने धरलं की लगेच सोडा, ओढाताण करू नका. तो वेटोळं घालेल, मेलेल्या उंदरालाही घालतो. झाकण, कुलूप, दिवा बंद.

रेवा_फोंडा

जमलं. पहिल्याच झेपेत घेतला, हात चांगला दूर होता. वीस मिनिटांनी बाहेरून बघितलं तर गिळून झालं होतं आणि तो गरम बाजूला जाऊन बसला. दादाचा फोनही आला, त्याला सगळं सांगितलं. त्याने विचारलंय की वजन केलंस का.

पशुवैद्य_सासष्टी

आत्ता नको, पोटात उंदीर आहे. विष्ठा झाल्यानंतर स्वयंपाकघराच्या नव्हे, वेगळ्या काट्यावर, टबात ठेवून करा आणि वहीत लिहा. कातीच्या तारखाही लिहीत जा. पुढे कधी तो खाईनासा झाला तर त्या आकड्यांवरूनच कळतं की काळजी करायची की नाही. वजन आधीच्यापेक्षा दहा टक्क्यांनी उतरलं तर दाखवा, त्याआधी घाबरू नका.

रेवा_फोंडा

वही केली. सगळ्यांचे मनापासून आभार. थंडीत रात्री तापमान कसं सांभाळायचं, वीज गेली तर काय करायचं, हे विचारायचं आहे, त्यासाठी वेगळा धागा काढते.

म्हापसेकर

काढा ताई, मलाही तेच हवंय. लिंक इथे टाका.